एच.आय.व्ही.ची धास्ती मनात बसली असेल तर: पहिल्या दिवसापासून काय करायचं

मालवण-देवगडच्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी बरीच वर्षं रक्ततपासणीच्या टेबलाशी बसले. आमच्या दारावर ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ अशी पाटी होती. सगळे त्याला आय.सी.टी.सी. म्हणतात. त्या दारातून आत येणाऱ्यांपैकी मला सगळ्यात जास्त काळजी कुणाची वाटायची, तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही पुन्हा पुन्हा येणाऱ्यांची. पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाला पुढची वाट होती: गोळ्या, तारखा, डॉक्टर. या माणसांना मात्र वाटच सापडत नसे.

एक खलाशी आठवतो. सव्वीस-सत्तावीसचा असेल. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून सहा रिपोर्ट काढून टेबलावर मांडले. दोन कणकवलीचे, एक गोव्याचा, बाकीचे मुंबईचे. चार रिपोर्टवर चार वेगळी नावं. सगळे निगेटिव्ह. बोलताना त्याची उजव्या हाताची दोन बोटं सतत जबड्याखाली जात होती, आणि तिथली कातडी दाबून दाबून लालबुंद झाली होती. “ताई, ही गाठ बघा मां. रोज वाढता.” ती गाठ नव्हती, दिवसातून शंभरदा दाबल्यावर दुखायला लागलेली साधी ग्रंथी होती. आपल्या सगळ्यांनाच ती असते.

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे. ज्यांना ही भीती नुकतीच चिकटली आहे, रात्री मोबाइलच्या उजेडात लक्षणं शोधत जे जागे आहेत, आणि ज्यांना हे कुणाला सांगता येत नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच की तुमच्या मनात दोन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. एक रक्ताची, दुसरी मनाची. रक्ताच्या शंकेला टेस्ट उत्तर देते, आणि ते एकदाच घ्यायचं असतं. मनाच्या शंकेला सातवी टेस्टही उत्तर देऊ शकत नाही.

सगळ्यात आधी: ७२ तास झालेत का?

तुमचा प्रसंग अगदी ताजा असेल, म्हणजे कंडोमशिवाय संबंध आला, कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, किंवा दुसऱ्याला वापरलेली सुई टोचली, तर हा लेख बाजूला ठेवा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. ‘पी.ई.पी. हवी आहे’ असं सरळ सांगा. संसर्ग रुजू नये म्हणून घ्यायच्या या गोळ्या आहेत. त्या जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत सुरू होतील तितकं चांगलं, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत. पुढे २८ दिवस रोज घ्यायच्या, एकही दिवस न चुकवता. तिथे गोळ्या नसतील तर कुठे मिळतील ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या आणि त्याच गाडीने पुढे जा. उद्याच्या पहिल्या एस.टी.ची वाट बघत बसू नका.

सुई टोचली असेल तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही.

मला हे पाठ आहे, कारण एकदा रक्त काढताना हातमोज्यातून सुई माझ्याच बोटात गेली होती. पांढऱ्या रबराखाली लाल ठिपका पसरताना दिसला. तासाभरात मी पहिली गोळी घेतली. २८ दिवस मळमळ होत होती, मासळीचा वासही नकोसा झाला होता. ते दिवस निघून गेले. त्यानंतरचे दिवस जास्त कठीण होते. ते पुढे सांगते.

७२ तास उलटून गेले असतील तर घाईचं काही उरलेलं नाही. आता शांतपणे पुढचं करायचं.

नेमकं काय घडलं ते कागदावर लिहा

मोबाइलवर लिहू नका, कागदावर लिहा. तारीख, काय घडलं, कोणाच्या शरीरातलं काय कुठे लागलं. पाच-सहा ओळी पुरेत. ‘आणि मग असंही झालं असेल’ हे वाक्य लिहायचं नाही. घडलं तेवढंच.

आता ते या माहितीशी ताडून बघा. एच.आय.व्ही. पसरण्याचे मार्ग मोजकेच आहेत: कंडोमशिवाय योनीमार्गे किंवा गुदमार्गे संबंध, एकमेकांची सुई-सिरिंज वापरणं, संसर्ग असलेलं रक्त शरीरात चढवलं जाणं, आणि आईकडून बाळाला गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासली जाते आणि पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर १९९८ पासून देशात बंदी आहे, त्यामुळे रक्त चढवण्यातला धोका आता फार कमी उरलाय.

जे मार्ग खरे आहेत त्यांतही धोका लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. ज्याला एच.आय.व्ही. आहे आणि जो उपचार घेत नाही अशा माणसाशी एकदा योनीमार्गे संबंध आला, तर बाईला लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत ८ आणि पुरुषाला ४. गुदमार्गे संबंधात ती बरीच वाढते, घेणाऱ्या जोडीदारासाठी दहा हजारांत सुमारे १३८. रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर हजारांत साधारण ३. हे आकडे मी बेफिकीर व्हा म्हणून देत नाहीये. एका प्रसंगाने सगळं संपलं असं जे तुमच्या डोक्यात फिरतंय, त्याच्या शेजारी हे आकडे ठेवून बघा, म्हणून देतेय.

आणि आता ज्या गोष्टींनी होत नाही, त्यांच्याकडे वळू. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण यांतलंच काहीतरी घेऊन यायचे असं मला वाटतं.

डास. कोकणात पावसाळ्यात हा प्रश्न हमखास यायचा, आणि प्रश्न चुकीचा नाही, कारण मलेरिया आणि डेंग्यू डासांनीच पसरतात. पण मलेरियाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो, एच.आय.व्ही. तिथे वाढू शकत नाही. डासाच्या पोटात तो पचून जातो. शिवाय डास सोंडेतल्या एका नळीने रक्त ओढतो आणि दुसरीने आपली लाळ सोडतो. आधीच्या माणसाचं रक्त तो तुमच्या अंगात टोचत नाही.

न्हाव्याचा वस्तरा. गणपतीला आलेला चाकरमानी, घाईत दाढी, गालाला जरा कापलं, आणि मग दीड महिना झोप नाही. हवेत रक्त सुकलं की हा विषाणू झपाट्याने निकामी होतो. वस्तऱ्याच्या कापण्यावर तुमची रात्र जाऊ देऊ नका. नवीन ब्लेड लावायला सांगा, ते बरोबरच आहे, पण ते मुख्यतः कावीळ ब साठी. तो विषाणू सुकलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो, आणि त्याच्यावर लस आहे.

जत्रेत गोंदवून घेतलं आणि सुई सगळ्यांना तीच होती? इथे शंका रास्त आहे. एकदा डॉक्टरांना दाखवा, कावीळ ब, कावीळ क आणि एच.आय.व्ही. तिन्ही एकदाच तपासून घ्या.

जाळं ओढताना शिंगाळ्याचा काटा आधी एकाच्या हातात गेला, मग दुसऱ्याच्या. खलाशांकडून हे मी कितीदा ऐकलं असेल. काटा म्हणजे पोकळ सुई नव्हे, त्यात रक्त साठून राहत नाही. त्या जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन हवं आणि ती स्वच्छ ठेवायला हवी, कारण शिंगाळ्याची जखम चिघळते. एच.आय.व्ही.चा तिथे संबंध नाही.

एका ताटात जेवणं, एकाच विहिरीचं पाणी, एकाच कळशीला तोंड लावणं, एस.टी.चं सीट, सार्वजनिक संडास, मिठी, चुंबन, खोकला, घाम, डोळ्यांतलं पाणी. यांनी होत नाही. ‘कलिंगडात दूषित रक्त टोचलंय’ असे मेसेज दर उन्हाळ्यात फिरतात. खाण्यातून एच.आय.व्ही. होत नाही. मेसेज पुढे पाठवू नका, त्याने कुणाची तरी रात्रीची झोप जाते.

कागदावरचा तुमचा प्रसंग खऱ्या मार्गांत बसत नसेल, तर तुम्हाला टेस्टची गरज नाही. हे वाचून ‘पण माझ्या बाबतीत जरा वेगळं आहे’ असं वाटलं, तर त्याच कागदाखाली लिहा: ‘ही मनाची शंका.’ आणि खालचा ‘निगेटिव्ह आला, तरी भीती जात नाही’ हा भाग वाचा.

टेस्टची तारीख ठरवा, आणि तीच धरून बसा

प्रसंग खऱ्या मार्गातला असेल तर टेस्ट करायची. पण दुसऱ्या दिवशी केलेल्या टेस्टने काही कळत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून टेस्टमध्ये दिसेपर्यंत काही काळ जातो, त्याला विंडो पीरियड म्हणतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट, म्हणजे विषाणूचा अंश आणि त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी, साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. सरकारी केंद्रात बहुतेक वेळा रॅपिड टेस्ट, म्हणजे पट्टीवरची झटपट टेस्ट असते, तिच्यासाठी पूर्ण तीन महिने धरायचे. म्हणून सोपं गणित असं: मनाला आधार म्हणून दीड महिन्याने एक टेस्ट केली तरी चालेल, आणि शेवटची तीन महिन्यांनी. बस. पी.ई.पी. घेतली असेल तर तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतः ठरवू नका.

दोन तारखा त्याच कागदावर लिहा. मधल्या काळात टेस्ट करायची नाही, जोडीदाराबरोबर कंडोम वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही. रक्तदानाचं मुद्दाम सांगतेय. ‘शिबिरात रक्त दिलं की फुकटात तपासणीही होते, कुणाला कळतही नाही’ असं म्हणणारे मला भेटलेत. तुम्ही विंडो पीरियडमध्ये असाल तर तुमचं रक्त तपासणीतून सुटून एखाद्या बाळंतिणीला चढू शकतं. तपासणी आय.सी.टी.सी.त फुकटच असते. तिथे या.

केंद्रात गेल्यावर काय होतं

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, बहुतेक ग्रामीण रुग्णालयं, अशा ठिकाणी केंद्र असतं. आपल्यापासून जवळचं कुठलं ते १०९७ या फुकट हेल्पलाइनवर विचारता येतं. गावात सगळे ओळखतात म्हणून सावंतवाडीचा माणूस कणकवलीला आणि कणकवलीचा देवगडला जातो, त्यात गैर काही नाही. पण २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि तुमचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. त्यामुळे खोटं नाव लावू नका. त्या खलाशाचे चार नावांचे रिपोर्ट त्याला स्वतःलाच खरे वाटत नव्हते. “नाव माझा नाय, मगे रिपोर्ट तरी माझो कसो?” असं तो मला म्हणाला होता.

आधी समुपदेशक बोलतील. काय घडलं ते त्यांना सांगा, कागद घेऊन जा. तिथे कुणी तुमचा न्याय करायला बसलेलं नसतं, आणि कुणी बसलंच तर ते त्याचं चुकलं, तुमचं नाही. मग रक्त घेतात. किटच्या छोट्या खाचेत थेंब पडतो, वर द्रावणाचे थेंब, आणि पट्टीवरून ओलावा हळूहळू चढत जातो. एक रेष उमटली, नियंत्रणाची, तर निगेटिव्ह. ती रेष नसेलच तर किट बाद, दुसरं घ्यायचं. पहिल्या किटवर दुसरी रेष आली तरी तो निकाल नसतो. वेगवेगळ्या प्रकारच्या तीन टेस्ट जुळल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात.

पॉझिटिव्ह आलाच तर? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण भीती तिथेच दडलेली असते. भारतात पहिला संसर्ग १९८६ मध्ये चेन्नईत सापडला. त्यानंतरची कित्येक वर्षं खरोखर वाईट होती. कवटीची चित्रं काढलेली पोस्टरं तेव्हाचीच. आपल्या पिढीच्या मनात एच.आय.व्ही. आणि मरण यांची गाठ तिथे बसली. पण २००४ पासून ए.आर.टी., म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सरकारी केंद्रात फुकट मिळतात, आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, आणि वेळेवर सुरू करून नियमित घेणारा माणूस जवळपास इतरांइतकंच जगतो. रक्तातला विषाणू सापडेनासा होऊन तसाच टिकला तर त्याच्यापासून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

आमच्याकडे याच ए.आर.टी.च्या गोळ्या न्यायला एक मावशी यायच्या. बाजारात बसून मासळी विकायच्या, पाटी डोक्यावरून उतरवून दाराशी ठेवायच्या आणि गोळ्या घेऊन पहिल्या गाडीने परत. एकदा त्या बाकावरून उठल्या आणि तो खलाशी त्या जागेवर बसेना. भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याला तेव्हा काही बोलले नाही. संध्याकाळी तो रिपोर्ट घेऊन गेला, तेव्हा इतकंच म्हटलं की, तू ज्यांच्यापासून दूर सरकलास त्या गेली बरीच वर्षं चुकवल्याशिवाय गोळी घेतायत, आणि त्या बाकाने आजवर कुणाला काही दिलेलं नाही.

गरोदर बायांसाठी एक वेगळी ओळ. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही टेस्ट प्रत्येक गरोदर बाईला सांगतात. तुमच्यावर संशय आहे म्हणून नव्हे, बाळाला वाचवता येतं म्हणून.

लक्षणं शोधणं थांबवा

संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असं होतं. पुष्कळांना काहीच होत नाही. आणि ही सगळी लक्षणं साध्या व्हायरल तापातही येतात. म्हणून लक्षणांवरून एच.आय.व्ही. आहे किंवा नाही हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही, तुमचा मोबाइल तर नाहीच.

उलट धास्तीची स्वतःची लक्षणं असतात: तोंड कोरडं पडणं, जिभेवर पांढरा थर, पोट बिघडणं, रात्री घाम, वजन उतरणं, छातीत धडधड, अंगात कणकण. यादी बघा आणि मोबाइलवर वाचलेल्या यादीशी जुळवा. दोन्ही सारख्याच दिसतील. माणूस इथेच फसतो.

कोकणात यात आणखी एक धोका आहे आणि तो मला फार छळतो. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस असतो, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणारा. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं. वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत खातो. डोक्यात एच.आय.व्ही. भरलेला माणूस असा ताप आला की दवाखान्यात जायलाच घाबरतो, ‘रक्त तपासलं की कळेल’ म्हणून. ताप आला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि शेतात, पाण्यात काम केलं असेल तर तेही सांगा.

निगेटिव्ह आला, तरी भीती जात नाही

लेखातला हा भाग सावकाश वाचा, कारण प्रत्यक्षात हाच सगळ्यात लांबतो.

माझी सहा आठवड्यांची टेस्ट निगेटिव्ह आली. तीन महिन्यांची आली. डॉक्टरांनी खांद्यावर थोपटलं. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी स्वतःच्या बोटातून थेंब काढला आणि पट्टी लावली. एक रेष आली. मी पट्टी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. मग खिडकीपाशी नेली. दुसऱ्या रेषेच्या जागी काही सावलीसारखं आहे का ते बघत राहिले. किटवर लिहिलेली वेळ केव्हाच उलटून गेली होती, आणि वेळ उलटल्यावर पट्टी वाचायची नसते हे रोज दुसऱ्यांना मीच सांगत होते. तेव्हा मला कळलं की मी आता विषाणू शोधत नाहीये. मला खात्री हवी होती, शंभर टक्के, आणि ती पट्टीवर उमटत नाही.

हे असं चालतं. शंका येते. ती सहन होत नाही म्हणून आपण काहीतरी तपासतो: गाठ, जीभ, मोबाइल, रिपोर्ट, किंवा कुणाला तरी विचारतो, ‘नक्की काही नाही ना?’ थोडा वेळ बरं वाटतं. मग शंका नवी वाट शोधते: किट जुनं असेल, नमुने बदलले असतील, मीच वेगळा असेन. प्रत्येक तपासणी मनाला शिकवते की धोका खरा होता, म्हणूनच तर तपासलं. विहिरीतून जितकं उपसावं तितका झरा मोकळा होतो, तसं. म्हणून उपसणं थांबवायला लागतं. कसं, ते सांगते.

तपासणी एकदम बंद होत नाही, ती आधी पुढे ढकलायची. मानेकडे हात गेला की स्वतःला म्हणा, पंधरा मिनिटांनी बघेन. घड्याळ लावा आणि दुसऱ्या कामाला लागा: जाळं विणा, गोठा झाडा, बाजारात जा. पंधरा मिनिटांनंतरही वाटलं तर आणखी पंधरा. ही पंधरा मिनिटं सुरुवातीला फार वाईट जातात. छाती धडधडते. पण भीती लाटेसारखी चढते आणि काही न करताही उतरते. ती एकदा उतरलेली स्वतः बघितली की पुढच्या वेळी धीर येतो.

पहिल्या आठवड्यात दिवसाला किती वेळा तपासता ते मोजा, कॅलेंडरवर रेघा मारा. वीस असतील तर पुढच्या आठवड्यात पंधरा. शून्याचा हट्ट धरू नका.

काळजीला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, ओटीवर बसून, मनसोक्त काळजी करायची. दिवसा शंका आली की तिला सांगायचं, सहाला ये. रात्री मात्र नाही, अंथरुणावर तर मुळीच नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

शंकेशी वाद घालू नका. ‘नाही, मला झालेलं नाही’ म्हटलं की ती पुरावा मागते. त्याऐवजी म्हणायचं, “ही धास्ती बोलतेय. उत्तर कागदावर आहे.” आणि तो कागद, प्रसंग, तारखा, निकाल लिहिलेला, पाकिटात घडी करून ठेवायचा. रोज काढून वाचायचा मात्र नाही, नाहीतर तीही तपासणीच झाली.

ज्या गोष्टी टाळायला लागलात त्या एकेक करून परत सुरू करा. सलूनमध्ये जा. मुलाला जवळ घ्या. भजनाला बसा, सगळ्यांबरोबर एकाच तांब्यातलं पाणी प्या.

अपराधाची बोच असेल तर

खलाशाला पाचव्या भेटीत मी विचारलं, टेस्ट सोडून दुसरं काय टोचतंय? बराच वेळ तो खिडकीबाहेरच्या माडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बायलेक काय सांगू?” गोव्यात एका लॉजवर तो एकदाच गेला होता. सहा टेस्ट तो विषाणूसाठी करत नव्हता. कुणीतरी शिक्षा सुनवावी म्हणून करत होता, आणि शिक्षा येत नव्हती.

हे बायकांतही असतं, पुरुषांतही. झालेल्या गोष्टीची लाज किंवा पश्चात्ताप हा आजार नाही. तो माणुसकीचाच भाग आहे. पण त्याचं ओझं रक्तावर टाकलं की ते रक्ताने फिटत नाही. त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोलावं लागतं: समुपदेशकाशी, विश्वासाच्या मित्राशी. जोडीदाराला सांगायचं की नाही हे मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. एवढं मात्र ठाम सांगेन की शेवटची टेस्ट होईपर्यंत तिला किंवा त्याला धोक्यात टाकायचं नाही, आणि पॉझिटिव्ह आलाच तर सांगणं टाळायचं नाही. समुपदेशक त्यात सोबत करतात.

घरच्यांसाठी

विसाव्यांदा ‘मला काही झालं नाही ना?’ असं विचारल्यावर ‘नाही रे बाबा’ म्हणणं प्रेमाचं वाटतं, पण त्याने चाक पुन्हा फिरतं. रागावूही नका. म्हणा, “तुला भीती वाटतेय ते दिसतंय. उत्तर आपण दोघांनी वाचलंय. चल, धक्क्यापर्यंत चालून येऊ.” गाऱ्हाणं घाला, देवाला सांगा, त्यात काही वावगं नाही. फक्त भगताने दिलेल्या कशासाठी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका.

मनाच्या डॉक्टरकडे कधी जायचं

महिना-दोन महिने असंच चाललं असेल, काम सुटलं असेल, झोप-जेवण गेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हा चिंतेचा विकार किंवा ओ.सी.डी., म्हणजे तीच शंका आणि तीच तपासणी पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार असू शकतो, आणि बोलण्याच्या उपचाराने आणि गोळ्यांनी तो बरा होतो. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि ‘ह्याला रत्नागिरीला न्यायला हवं’ ही टिंगलही जवळपास तेवढीच जुनी असावी. त्या टिंगलीपायी माणसं वर्षानुवर्षं कुढत राहतात. बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं.

जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं मनात आलं, तर त्याच क्षणी १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी फोनसेवा आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या एकाला तरी उठवा. रिपोर्टची वाट बघत एकटे राहू नका.

मी स्वतः कणकवलीला एका डॉक्टरांकडे आठ महिने जात होते. चौथ्या-पाचव्या भेटीनंतर पट्टी तिरकी धरायची इच्छा कमी झाली. पूर्ण गेली कधी ते आठवत नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, बोटी वर काढायच्या दिवसांत, तो खलाशी पुन्हा रुग्णालयात दिसला. तळहाताला फडकं गुंडाळलेलं, शिंगाळ्याचा काटा लागलेला. मला बघून त्याने मान हलवली, पण तपासणीच्या खोलीकडे वळला नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, जखमेवर पट्टी बांधून घेतली आणि बाकावर मावशींच्या शेजारी बसून चिठ्ठीची वाट बघत राहिला. मग नर्सला म्हणाला, “बाय, जरा बेगीन. बोट धक्क्याक लागली हा.”